सूरजागडचा दगड : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एटापल्लीकडच्या एका विद्यार्थ्याने माझ्या मेजावर एक दगड आणून ठेवला. पोलादी करड्या रंगाचा, कडांना किंचित चकाकणारा आणि आकाराच्या मानाने इतका जड, की उचलताना हाताचा अंदाज चुकावा. मी एक जुने कौल उलटे करून त्याच्या खरबरीत पाठीवर तो दगड घासला, तेव्हा त्या करड्या दगडाने कौलावर तांबडी रेघ ओढली. मुलगा हसून म्हणाला, ''सर, हा तर गेरू.'' मग त्याने खिशातून मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातला चुंबक काढला आणि दगडाला लावून पाहिला. चुंबक दगडाला चिकटला नाही, जणू शेजारी लाकूडच ठेवले होते. त्यावर त्याने विचारले, ''लोखंड यातूनच निघतं ना? मग चुंबक याला ओढत का नाही?'' पुढील प्रकरणांत जे काही लिहिले आहे ते सारे या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिले आहे, आणि उत्तर इतके लांबले याचे कारण असे, की त्याचा शेवटचा भाग शास्त्रज्ञांच्या हाती अगदी अलीकडे, गेल्या पाच-सात वर्षांत आला आहे.

ज्या शास्त्राने हे उत्तर दिले त्याला आपल्याकडे पूर्वी घनावस्था भौतिकी म्हणत. आता त्याची व्याप्ती द्रवांपर्यंत आणि मऊ पदार्थांपर्यंत वाढल्यामुळे संघनित द्रव्याचे भौतिकशास्त्र असे काहीसे अवघड नाव रूढ झाले आहे. नाव अवघड असले तरी विषय घरचा आहे. मीठ, लोखंड, काच, बर्फ, तारेतली वीज आणि होकायंत्रातली सुई ही सारी या शास्त्राची प्रजा. एकेका अणूचे गुणधर्म पूर्णपणे ठाऊक असले तरी असे असंख्य अणू एकत्र आल्यावर काय घडेल हे त्यावरून आपोआप कळत नाही, ही या शास्त्राची मूळ धारणा. आणि फिलिप अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ साली एका छोट्या निबंधात ती इतक्या ठामपणे मांडली, की पुढच्या दोन पिढ्यांनी तिला आपल्या शास्त्राचा जाहीरनामाच मानले. मूल गावच्या आठवडी बाजारात आलेल्या प्रत्येक माणसाची स्वतंत्र ओळख करून घेतली, तरी त्या दिवशी धानाला काय भाव फुटेल हे त्या ओळखीतून निघत नाही. भाव बाजाराचा असतो, माणसाचा नव्हे. चुंबकत्वही तसेच अणूंच्या समुदायाचे असते.

या दगडाची आमच्या मुलुखातली कैफियत जुनी आहे. आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा काढलेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे ज्या काळी मिळून चांदा जिल्हा होता, त्या काळी रानातल्या लहान भट्ट्यांत, लोणारी कोळसा आणि चामड्याचा भाता यांच्या बळावर, याच दगडातून लोखंड काढले जाई. कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि कोयता या जंगलातल्या प्रत्येक घराच्या गरजा त्यातून भागत. लोहारा या गावाच्या नावातच तो व्यवसाय गोठून राहिला आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमल आला, १८७० साली मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल निघाला, आणि कोळशाचे व लोखंडाचे ठिकाण सरकारी नकाशांवर उमटू लागले. १८८२ साली श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या भवितव्याविषयी अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला, आणि लोहाऱ्याचा दगड व वरोऱ्याचा कोळसा यांच्या संयोगाने हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना उभारता येईल अशी उमेद त्यांच्या मनात जागी झाली. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उतरला नाही आणि बेत मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि भूशास्त्रज्ञ वेल्ड पुन्हा याच रानात हिंडले, पण शोध पुढे सरकत सरकत शेवटी साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, स्थिरावला. हिंदुस्थानच्या पोलादाची कल्पना प्रथम आमच्या जिल्ह्याच्या दगडाकडे पाहून सुचली, ही गोष्ट येथील शाळांत फारशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

मात्र या साऱ्या अहवालांत दगडाला विचारलेला प्रश्न एकच होता : तुझ्यात लोखंड शेकडा किती? आजही एटापल्लीकडच्या सूरजागडच्या डोंगराविषयी बोलताना टनांचे आणि खाणपट्ट्यांचेच आकडे कानी पडतात. तो डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे, आणि तिथल्या उत्खननाने गावागावांत जे दुःख व जो वाद निर्माण केला आहे त्याला न्याय देण्याचे सामर्थ्य या पुस्तकात नाही. मला एवढेच वाटते, की ज्या दगडासाठी एवढे सारे घडते तो दगड मुळात आहे तरी काय, हे जाणण्याचा पहिला अधिकार त्या डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांचा आहे.

तर हा दगड म्हणजे हेमॅटाइट : लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन या प्रमाणात बांधलेला स्फटिक. दळून भुकटी केली की तोच गेरू. त्यातील लोहाचा प्रत्येक अणू हा स्वतः एक चिमुकला, बऱ्यापैकी जोरकस चुंबक आहे; अणूतील इलेक्ट्रॉनांच्या ज्या अंगभूत गुणामुळे असे होते त्याला मराठीत परिवलन हा शब्द रूढ आहे, जरी तेथे भोवऱ्यासारखे प्रत्यक्ष काही फिरत नसते. हे सारे चिमुकले चुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले तर लोखंडासारखा चुंबक होतो. हेमॅटाइटात मात्र अर्धे एकीकडे व अर्धे बरोबर विरुद्ध बाजूला तोंड करून उभे असतात आणि एकमेकांचा जोर पुरता फेडून टाकतात. अशी रचना असू शकते हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९३०च्या दशकात तर्काने मांडले. अमेरिकेत क्लिफर्ड शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकांवर सोडून ती प्रत्यक्ष दाखवून दिली, आणि १९५१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पदार्थांत हेमॅटाइटही होते. या गुणाला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते : चुंबक ओढत नाही, कारण आत चुंबकांची वाण नाही, त्यांचा जमाखर्च बरोबर जुळलेला आहे. १९७० साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना नेएल यांनी आपल्याच शोधाविषयी असे मत दिले, की हे पदार्थ शास्त्रदृष्ट्या मनोवेधक आहेत, पण त्यांचा व्यवहारात उपयोग दिसत नाही.

पण जमाखर्च खरोखर जुळलेला होता का? अतिशय नाजूक उपकरणाने मोजले असता हेमॅटाइटात एक क्षीण, अगदी पुसट चुंबकत्व सापडत असे. पुष्कळ काळ पुष्कळांनी त्याचा दोष भेसळीला दिला; मॅग्नेटाइट नावाचा दुसरा, खराखुरा चुंबकी लोहदगड त्यात कणाकणाने मिसळला असेल, असे म्हणून प्रकरण दफ्तरी दाखल करण्याकडे कल होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रशियात, भौतिकशास्त्रज्ञ लांदाऊ यांच्या परंपरेत वाढलेल्या इगोर झालोशिन्स्की या तरुण शास्त्रज्ञाने कोणताही नवा प्रयोग न करता, केवळ त्या स्फटिकाची सममिती तपासून, ही भेसळ नव्हे असे सिद्ध केले. त्याने विचारले ते एवढेच : या स्फटिकाला कोणकोणत्या प्रकारे फिरवले, उलटवले किंवा आरशात पाहिले असता तो जसाच्या तसा दिसतो, आणि त्या सर्व नियमांना बाधा न आणता विरुद्ध तोंडांचे हे चुंबक किंचित एका बाजूला कलू शकतात का? उत्तर होकारार्थी निघाले. ते कलतात, आणि कल एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. दोन माणसे पाठीला पाठ लावून उभी असावीत आणि दोघांच्या माना एकाच बाजूला केसभर झुकाव्यात, तसे. १९६० साली तोरू मोरिया या जपानी शास्त्रज्ञाने हा कल उत्पन्न करणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर उलगडून दाखवली.

या केसभर कलण्याचे परिणाम आपल्या आसपास पसरलेले आहेत. हेमॅटाइट सुमारे ६८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की आतली ही सारी शिस्त मोडते, आणि निवताना ती पुन्हा बसते ती त्या जागच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा लक्षात ठेवून. भद्रावतीला किंवा कोठल्याही गावच्या आव्यात गेरूचा हात दिलेले मडके या तापमानापलीकडे पुरते भाजले गेले, तर ते निवताना आपल्या अंगावर उत्तर दिशेची नोंद करून घेते आणि फुटून खापर झाले तरी ती नोंद सोडत नाही. कामठी थरांच्या तांबड्या वालुकाश्माचा रंग हेमॅटाइटाचाच. तसल्या गोंडवनी तांबड्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीची उत्तर दिशा अद्याप शाबूत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती आणि डॉइच यांनी १९५०च्या दशकात दख्खनच्या काळ्या पाषाणातील चुंबकी दिशा मोजल्या तेव्हा आपला भूखंड दक्षिण गोलार्धातून सरकत आला आहे या मताला जो भक्कम पुरावा मिळाला, तोही याच विद्येचा. पाषाण वेगळा आणि त्यातले खनिजही वेगळे, पण वाचण्याची रीत एकच.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण असे शास्त्र आमच्या रानात कशाला, असा प्रश्न मला पुष्कळदा ऐकावा लागला आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एक विद्युतवाहिनी १९९९ पासून उभी आहे. तिच्यातून वीज वाहते ती आपल्या घरातल्यासारखी दिशा पालटणारी नव्हे, तर एकाच दिशेने जाणारी, पाच लाख व्होल्ट दाबाची. आणि पालटणाऱ्या विजेची अशी एकदिश वीज करून मुंबईच्या दाराशी तिची पुन्हा मूळ स्थिती करण्याचे काम सिलिकॉनच्या चकत्या करतात. इलेक्ट्रॉन हा स्फटिकातून लहरीसारखी वाटचाल कशी करतो हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ साली गणिताने दाखवले आणि काही पदार्थ वाहक, काही रोधक व काही अर्धवाहक का असतात हे विल्सन यांनी १९३१ साली. त्या कागदावरच्या विचारातून ही सिलिकॉनची चकती आली. ताडोब्याच्या अंगाला राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून हे शास्त्र रोज गुणगुणत जाते.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे गेल्या काही वर्षांत जे नव्याने उमगले त्याकडे वळतो. शतकभर चुंबकी पदार्थांच्या दोन प्रमुख जाती मानल्या जात : लोखंडासारखे एकमुखी आणि हेमॅटाइटासारखे फेड करून शून्य होणारे. २०१९ पासून निरनिराळ्या गटांच्या गणनांत काही विसंगती दिसू लागल्या होत्या. २०२२ साली लिबोर श्मेइकल, हाइरो सिनोव्हा आणि टोमास युंगविर्ट यांनी सममितीच्या आधारे त्यांची नीट वर्गवारी करून सांगितले, की फेड करून शून्य होणाऱ्यांच्या पंक्तीत एक तिसरीच जात इतके दिवस बसून होती आणि आपण तिला ओळखले नव्हते. तिला त्यांनी अल्टरमॅग्नेट हे नाव दिले. मी या पुस्तकात एकांतर चुंबक असा शब्द वापरला आहे; याहून बरा शब्द कोणी सुचवला तर तो आनंदाने स्वीकारीन.

ही तिसरी जात कशी ओळखायची, हे मला कागदावरच्या आकृत्यांपेक्षा बुरडाच्या हातातल्या चटईवरून अधिक स्पष्ट झाले. आधी पटावरचे काळे-पांढरे चौकोन डोळ्यांपुढे आणा. काळा म्हणजे वर तोंड केलेला चुंबक, पांढरा म्हणजे खाली. पट एक घर बाजूला सरकवला की प्रत्येक काळे घर पांढऱ्यावर येते. रंग पालटतो, पण चौकोनाचा आकार तंतोतंत जुळतो. रूढ प्रतिलोहचुंबक असा असतो, आणि त्यामुळे त्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाला, त्याचे परिवलन कोणतेही असो, सारख्याच वाटेने जावे लागते. आता बांबूची साधी, एकाआड एक विणलेली चटई पाहा. एका छेदावर उभी बेळ वर आहे आणि आडवी खाली. शेजारच्या छेदावर आडवी वर, उभी खाली. येथेही दोन प्रकारच्या छेदांची संख्या समसमान आहे आणि जमाखर्च शून्यच येतो. परंतु चटई एक घर सरकवून पाहिली तर छेदावर छेद जुळत नाही. जुळवायचा असेल तर ती पाव वळण फिरवावी लागते. सारा भेद एवढ्यात आहे : सरकवून जुळते की फिरवावे लागते. जेथे फिरवावे लागते तेथे उभ्या दिशेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाला एका परिवलनाची वाट सुलभ आणि दुसऱ्याची कष्टाची होते, व आडव्या दिशेने धावताना नेमके उलट घडते. बाहेरून चुंबक शून्य, पण आत मात्र दिशागणिक पक्षपात. हेमॅटाइटात लोहाच्या अणूंभोवती ऑक्सिजन ज्या तिरक्या मांडणीने बसलेले असतात, तिच्यामुळे वर तोंडाचा अणू खाली तोंडाच्या अणूवर नुसता सरकवून बसत नाही. म्हणून आमचा गेरूचा दगड या नव्या जातीच्या यादीत आला आहे. त्यातली अदलाबदल चटईपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे, ती मी स्वतंत्र प्रकरणात सांगितली आहे. झालोशिन्स्की यांनी जो प्रश्न विचारला होता तोच प्रश्न साठ वर्षांनी अधिक चिकाटीने विचारला गेला, आणि त्याच दगडातून नवे उत्तर निघाले.

नव्या मताची कसोटी कशी लागते हेही वाचकाने पाहावे. २०२४ साली मँगनीज टेल्युराइड या स्फटिकावर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा मोजण्यात आल्या, तेव्हा परिवलनागणिक होणारी ही फाळणी प्रत्यक्ष दिसली. उलट रुथेनियम ऑक्साइड, ज्याला प्रारंभी या जातीचा आदर्श नमुना म्हणून मिरवले गेले होते, त्याच्या अंतरंगात मुळात चुंबकी शिस्तच नसावी असा निर्वाळा त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगांनी दिला. मला या दुसऱ्या बातमीचे मोल पहिलीइतकेच वाटते, आणि म्हणून मी तिला पुस्तकात पूर्ण जागा दिली आहे. नेएल यांना न दिसलेला उपयोगही आता दृष्टिपथात येत आहे : हेमॅटाइटाच्या स्फटिकातून, वीज मुळीच न वाहता, केवळ परिवलनांच्या लहरींनी संदेश केसाच्या जाडीएवढे अंतर जातो हे २०१८ साली दिसून आले, अणूंच्या जगात हे अंतर फार मोठे आहे. २०२१ साली हेमॅटाइटाच्या पातळ थरांत, साध्या खोलीच्या तापमानाला, परिवलनांचे चिमुकले भोवरे बनवता आणि पुसता येतात हे हरिओम जानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. माहिती साठवण्याच्या उद्याच्या साधनांत गेरूचा वाटा असणे आता कल्पनारम्य राहिलेले नाही.

पुस्तक वाचण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द. गणित शेवटी एकत्र दिले आहे. ते वगळले तरी ओघ तुटणार नाही, मात्र सममितीचे तिसरे प्रकरण कोणी वगळू नये. एकट्याने वाचण्यापेक्षा चार जणांनी मिळून वाचावे अशी माझी इच्छा आहे. मेंढा-लेखा गावाने जंगलाचा कायदा अभ्यास गटात बसून, एकेक कलम चर्चून, समजून घेतला आणि मग जंगलावर आपला हक्क सांगितला; दगडाचे शास्त्र समजून घेण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

शेवटी एक प्रयोग. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॉरिन यांना १९५० साली असे आढळले, की हेमॅटाइट शून्याखाली सुमारे तेरा अंशांपलीकडे थंड केले की त्यातले सारे परिवलन एकदम कूस पालटते. आडवे असलेले अणुचुंबक उभे राहतात, आणि उभ्या स्थितीत सममिती त्यांना कलू देत नाही म्हणून ते पुसट चुंबकत्वही नाहीसे होते. गडचिरोलीच्या कडक हिवाळ्यातही एवढी थंडी पडत नाही. मात्र वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमाजवळच्या इरई येथे चुनखडकावर हिमनद्यांनी घासून काढलेल्या रेघा एकोणिसाव्या शतकातच सापडल्या आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा मुलूख बर्फाखाली होता, आणि सूरजागडचा दगड त्याहून कितीतरी जुना आहे. ती थंडी आज आणायला हिमयुग लागत नाही. बर्फात जाडे मीठ मिसळले की मिश्रण शून्याखाली एकवीस अंशांपर्यंत उतरते, हे हाताने कुल्फी फिरवणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते. मॅग्नेटाइटाची भेसळ नसलेला, मोठ्या कणांचा शुद्ध हेमॅटाइटाचा तुकडा घ्यावा, जोरकस चुंबकाजवळ ठेवून त्याला आधी वळण लावावे, मग होकायंत्राशेजारी ठेवून सुई किती ढळते ते पाहावे. नंतर तो तुकडा मीठ-बर्फाच्या पातेल्यात तासभर बुडवून, ओल न पुसता, त्याच जागी ठेवावा : सुई उत्तरेकडे परतू लागते. दगडाला ऊब येऊ द्यावी, म्हणजे ती पुन्हा थोडी ढळते, पूर्वीइतकी नाही. गेलेल्या चुंबकत्वाचा काही भाग दगडाने जपून ठेवलेला असतो. एटापल्लीच्या त्या मुलाने आणलेला तुकडा माझ्या मेजावर अजून आहे. तिन्ही वेळी सुई किती अंशांवर थांबली हे लिहिण्यासाठी शेवटचे पान कोरे ठेवले आहे.